तटस्थ मैदान म्हणजे नेमके कोणाच्या सोयीचे? (हायस्कूल फुटबॉलचे प्लेऑफ)

सुझाफोनची_आई | रविवार, सकाळी ९:१२

नमस्कार. विषय काही जणांना आडवळणाचा वाटेल, परंतु टेक्ससमध्ये राहणाऱ्या आणि मुले हायस्कूलमध्ये असलेल्या मंडळींना नोव्हेंबर महिना कसा जातो हे वेगळे सांगायला नको.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये सुझाफोन (अंगाभोवती वेटोळे घालून खांद्यावर घ्यायचे अवजड फुंकवाद्य) वाजवतो. फुटबॉल (अमेरिकन, लांबोडक्या चेंडूचा) आमच्या घरात कोणीही खेळत नाही. पण संघ जातो तिथे बँड जातो आणि बँड जातो तिथे आम्ही जातो, त्यामुळे गेली तीन वर्षे आमचे शुक्रवार शाळेच्या नावावर लिहून दिलेले आहेत.

नियमित हंगामाचे सामने कुठे व्हायचे हे महिनोन् महिने आधी ठरलेले असते. प्लेऑफचे तसे नाही. शालेय स्पर्धा चालवणारी युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग, म्हणजे यूआयएल, कोणाची गाठ कोणाशी पडणार एवढेच सांगते. मैदान, वार आणि वेळ दोन शाळांनी आपसांत ठरवायची आणि एकमत झाले नाही तर नाणे उडवायचे. सामना सहा दिवसांवर आलेला असताना ही सगळी घासाघीस होते.

गेल्या हंगामात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, तिसऱ्या फेरीत आमची गाठ ह्यूस्टनच्या उत्तरेकडील एका शाळेशी पडली. शनिवारी सकाळी दोन्ही कोच व्हिडिओ कॉलवर बोलले, त्यांच्याकडच्या कोणीतरी नाणे उडवले आणि आमच्या कोचने ते पडद्यावर खाली पडताना पाहिले. आम्ही हरलो. त्यांनी निवडलेले मैदान दोघांपैकी कोणाच्याही मालकीचे नव्हते, म्हणून कागदोपत्री ते तटस्थ ठरले. त्यांच्या शाळेपासून ते ४५ मैलांवर होते आणि आमच्या शाळेपासून १९० मैलांवर.

पाहुण्यांच्या बाजूची बाकडी समोरच्या बाजूच्या निम्मीही नव्हती. बँडची निम्मी मुले कुंपणाला टेकून उभी राहिली. माझा मुलगा ते पंचवीस-तीस पौंडांचे वेटोळे खांद्यावर घेऊन चार क्वार्टर उभा होता. बस शाळेत परतली तेव्हा पहाटेचे २:४० झाले होते आणि तो टोपीच्या खोक्यावर गाल टेकून इतका गाढ झोपला होता की मागच्या बाकावरच्या मुलाने त्याला बुटाने ढोसून उठवले.

यंदा आमच्या बूस्टर क्लबने (शाळेच्या संघाला आणि बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाने) शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरना पत्र देण्याचे ठरवले आहे आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मध्यावरच्या मैदानाचा आग्रह धरावा, नाणेफेक सरळ एकमेकांच्या घरच्या मैदानांसाठी व्हावी असे म्हणावे, की इतर काही राज्यांप्रमाणे वरच्या मानांकनाच्या संघाला यजमानपद देण्याची पद्धत आणावी असा धोशा लावावा? आपापल्या राज्यांतले अनुभव कृपया सांगा.

आय४५चा_वारकरी | रविवार, सकाळी १०:०५

ताई, मी त्या समोरच्या बाजूला राहतो. तुमच्या सामन्याला मी नव्हतो, पण त्या रस्त्याने वर्षातून दहा वेळा ये-जा असते, म्हणून मध्यावरच्या मैदानाबद्दल सांगतो.

तुमचे उपनगर आणि ह्यूस्टनचे उत्तर टोक यांच्यातला मध्यबिंदू बफेलो गावाच्या आसपास येतो. न्यूयॉर्क राज्यातले नव्हे, डॅलस-ह्यूस्टन जोडणाऱ्या आय-४५ महामार्गावरचे, जेमतेम दोनेक हजार वस्तीचे. तुमच्या दोन्ही शाळांत मिळून त्याहून जास्त विद्यार्थी असतील. तिथे तुमचे दोन बँड उतरले तर गावाला पाहुणचार करताना घाम फुटेल. त्याच्या दक्षिणेला मॅडिसनव्हिलमध्ये बकीज (स्वच्छतागृहांसाठी प्रसिद्ध असलेला अवाढव्य पेट्रोलपंप) आहे आणि स्वच्छतागृहांच्या संख्येवर मैदान निवडायचे ठरले तर ते निर्विवाद जिंकेल, पण तिथे गोलपोस्ट नाहीत.

सांगायचे एवढेच की, मध्य नकाशावर असतो आणि स्टेडियम जिथे कोणीतरी पैसे ओतले तिथे असते. दहा हजार माणसे बसतील, टर्फ धड असेल आणि त्या शुक्रवारी मोकळे असेल असे मैदान शोधायला निघालात की दोनतीनच नावे उरतात आणि ती कधीच मधोमध नसतात.

सुझाफोनची_आई | रविवार, सकाळी १०:३१

वेकोचे मॅकलेन स्टेडियम मागता येईल का? पंचेचाळीस हजारांची क्षमता आहे.

आय४५चा_वारकरी | रविवार, सकाळी १०:४०

मागता येईल की. वेको तुम्हाला ११५ मैल पडेल आणि आम्हाला १६५ च्या आसपास. त्याला तुम्ही 'मध्यावरचे' म्हणाल आणि आम्ही 'डॅलसवाल्यांचे' म्हणू.

खडूस_खानदेशी | रविवार, सकाळी ११:०२

ज्या खेळात चेंडू हातात धरून पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात, त्या खेळात 'तटस्थ' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधणे हीच मुळात चूक आहे.

नेपरव्हिलकर | रविवार, दुपारी १२:१८

इलिनॉयची पद्धत सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते ती तुमच्या पत्रात यायला हवी.

आमच्याकडे पहिल्या फेरीत वरच्या मानांकनाचा संघ यजमान असतो. त्यापुढच्या फेऱ्यांत आधी एकच गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे या प्लेऑफमध्ये तोपर्यंत कोणी घरच्या मैदानावर कमी सामने खेळले. ज्याचे कमी, तो यजमान. दोघांचे सारखे असतील तरच मानांकन पाहायचे. त्यामुळे पहिल्या फेरीत बाहेर जाऊन जिंकून आलेल्या तळाच्या संघाला दुसऱ्या फेरीत घरचे मैदान मिळते आणि वरच्या मानांकनाचा संघ निमूटपणे बसमध्ये बसतो. आमच्या मुलीच्या शाळेवर ही पाळी आली तेव्हा पालकांनी पुष्कळ कुरकुर केली, पण नियम आधीपासून छापलेला असल्यामुळे ती कुरकुर पार्किंग लॉटच्या पुढे गेली नाही.

अंतराचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. ईस्ट सेंट लुइस राज्याच्या पार नैर्ऋत्येला आहे आणि त्यांचा संघ इतका ताकदवान असतो की शिकागोच्या उपनगरांतील शाळांशी त्यांची गाठ ठरल्यासारखीच असते. तेव्हा कोणातरी एकाला पावणेतीनशे मैलांच्या आसपास प्रवास करावाच लागतो. पण तो कोणी करायचा हे नाण्यावर सोडलेले नसते.

अंतिम सामन्यांची जागाही आमच्याकडे फिरत राहिली आहे. १९७४ ते १९९८ नॉर्मल नावाचे गाव, मग शँपेन, २०१३ पासून शँपेन आणि डीकाल्ब आलटूनपालटून आणि २०२३ पासून पुन्हा नॉर्मलचे हँकॉक स्टेडियम. नॉर्मल राज्याच्या जवळपास मध्यभागी आहे. पन्नास वर्षे हिंडून जिथून निघालो तिथेच परत आलो, हे पाहून आमच्या सासूबाईंच्या माहेरच्या वाटण्या आठवतात.

अर्वाइनकर | रविवार, दुपारी १:४७

नेपरव्हिलकरांशी सहमत आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या विभागातही साधारण हेच तत्त्व चालते. या प्लेऑफमध्ये ज्याने घरी कमी वेळा खेळले तो यजमान आणि संख्या समान असेल तर नाणेफेक. म्हणजे नाणे आहे, पण ते रांगेत शेवटी उभे आहे.

एक फाटा मात्र लक्षात ठेवावा. 'घरचे मैदान' ही गोष्ट सर्वत्र सारखी नसते. आमच्या गावात एक स्टेडियम अनेक हायस्कुले वाटून वापरतात. शेजारच्या शाळेचाही सामना त्याच शुक्रवारी घरी आला की एकाला गुरुवारी खेळावे लागते. शिकागो शहरातल्या सरकारी शाळांचीही अशीच अडचण असावी, नेपरव्हिलकर?

नेपरव्हिलकर | रविवार, दुपारी २:०३

होय. गेटली किंवा हॅन्सनसारखी सामायिक मैदाने तिथे अनेक शाळांच्या वाट्याला येतात. उपनगरातल्या शाळेला मागच्या दाराशी स्टेडियम असते आणि शहरातली शाळा आपल्याच 'घरच्या' सामन्याला बसने जाते.

जुना_डॅलसकर | रविवार, दुपारी ३:२९

मी इथे १९८६ पासून आहे आणि नाण्याची बाजू घेणारा बहुधा मीच एकटा निघेन.

टेक्ससचे आकारमान विसरून इलिनॉयचा नियम इथे चिकटवता येत नाही. एल पासोच्या शाळेची पहिल्याच फेरीत ओडेसा किंवा मिडलँडच्या शाळेशी गाठ पडते. सुमारे २८० मैलांचे अंतर, मध्ये व्हॅन हॉर्न आणि पेकॉस, आणि घड्याळही एक तास पुढे न्यावे लागते. तुमच्या नियमाने एका संघाने हा प्रवास पूर्ण करायचा आणि दुसऱ्याने शून्य. तटस्थ मैदानाची पद्धत रुजली ती या अंतरांमुळे. निदान दोघांनीही थोडे थोडे झिजावे हा तिचा हेतू होता.

नाण्याची कीर्ती मोठी आहे हे मान्य. १९८८ मध्ये ओडेसाची पर्मियन आणि मिडलँडच्या दोन शाळा अशा तिघी बरोबरीत सुटल्या, तेव्हा प्लेऑफमध्ये कोण जाणार हे एका ट्रकथांब्यावर नाणी उडवून ठरले आणि स्थानिक दूरचित्रवाणीने ते मध्यरात्रीनंतर थेट दाखवले. मिडलँड हायस्कूल बाहेर राहिले. त्याच वर्षी पर्मियन उपांत्य फेरीत डॅलसच्या कार्टर हायस्कूलविरुद्ध ऑस्टिनला, विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमवर खेळली. ओडेसाहून ऑस्टिन सुमारे ३४० मैल आणि डॅलसहून दोनशेच्या आत, पण मैदान कोणाच्याच अंगणातले नव्हते. कार्टरने तो सामना १४-९ असा जिंकला. पुढे अपात्र खेळाडू खेळवल्यावरून १९९१ मध्ये त्यांचे विजेतेपद काढून घेण्यात आले, पण मैदानावरून कोणी बोट दाखवल्याचे मला तरी आठवत नाही.

राहता राहिला प्रश्न बाकड्यांचा. आजूबाजूला पाहा. ॲलनचे स्टेडियम २०१२ मध्ये सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार आसनांचे उभे राहिले, २०१४ मध्ये काँक्रीटला तडे गेल्यामुळे बंद पडले आणि २०१५ मध्ये पुन्हा उघडले. मॅकिनी, प्रॉस्पर आणि ह्यूस्टनकडे केटी यांनी बारा हजारांची बांधली. फ्रिस्कोत फोर्ड सेंटर आहे, तेही बारा हजारांचे आणि छप्पर असलेले. प्लेऑफचा सामना मोठ्या मैदानावर हवा म्हटले की तो आपल्या उत्तर डॅलसच्या परिसरात येतो. ग्रामीण भागातल्या एखाद्या संघाला विचारा, त्यांच्या दृष्टीने तटस्थ मैदान म्हणजे आपल्या दारातले मैदान असते.

म्हणून ताईंना एक प्रश्न. तुम्ही हरलेल्या नाणेफेकीचा हिशेब मांडलात. गेल्या तीन वर्षांत जिंकलेल्या नाणेफेकींचा मांडला आहे का? आपला तो बाब्या असे व्हायला नको.

सुझाफोनची_आई | रविवार, दुपारी ४:१०

माहितीबद्दल आभार. फ्रिस्कोच्या शाळा नियमित हंगामातही फोर्ड सेंटरवर खेळतात, मग प्लेऑफमध्ये ते त्यांच्यासाठी तटस्थ कसे धरायचे, हाही मुद्दा मी टिपून घेतला आहे.

कँटनशेजारी | रविवार, संध्याकाळी ६:२२

ओहायोतून दोन शब्द. आमच्याकडे सुरुवातीच्या फेऱ्यांत वरच्या मानांकनाचा संघ यजमान असतो आणि त्यापुढे राज्य संघटनाच तटस्थ मैदान ठरवून जाहीर करते. दोन शाळांनी फोनवर हुज्जत घालण्याचा प्रश्नच येत नाही. शुक्रवारी रात्री जिंकायचे आणि मैदान जाहीर झाले की कळते की आपल्याला कोणत्या अनोळखी गावात स्वेटर घालून बसायचे आहे. मैदान साधारण दोघांच्या मध्ये शोधलेले असते. ओहायोत हे जमते, कारण इथे दर वीस-पंचवीस मैलांवर फुटबॉलवर जीव टाकणारे एक गाव आणि त्याचे एक जुने स्टेडियम आहे.

अंतिम सामने मात्र कँटनला ठरलेले असतात. २०२३ मध्ये मॅसिलॉन आणि अॅक्रनची होबन यांच्यात दुसऱ्या डिव्हिजनचा अंतिम सामना झाला आणि मॅसिलॉनने तो ७-२ असा जिंकला. मॅसिलॉन कँटनला जवळजवळ चिकटून आहे. त्या संध्याकाळी अर्धे स्टेडियम नारिंगी झाले होते आणि हा सामना तटस्थ मैदानावर आहे असे म्हणताना जीभ अडखळली असती. होबनवाले तरी पंचवीस मैलांच्या आतले. सिनसिनाटीच्या शाळेला तिथे यायचे तर दोनशेहून अधिक मैल पडतात, आणि डिसेंबरच्या उंबरठ्यावर त्या रस्त्यावर काय पडेल ते सांगता येत नाही.

तरीही मला ठरलेली जागा परवडते. हंगाम सुरू व्हायच्या आधी सर्वांना ठाऊक असते की शेवट कुठे आहे.

पुणेरी_हुकूमशहा | रविवार, संध्याकाळी ७:०० (भारतात सोमवार उजाडला आहे)

तटस्थ मैदानांचा प्रयोग आमच्या क्रिकेट मंडळाने केलेला आहे, त्याचे काय झाले तेही पाहावे. यजमान आपल्याला हवी तशी खेळपट्टी करून घेतात या तक्रारीवर उपाय म्हणून २०१६-१७ च्या रणजी हंगामातील सर्व साखळी सामने तटस्थ मैदानांवर झाले. त्याच ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र आणि दिल्ली यांचा सामना वानखेडेवर झाला. स्वप्निल गुगळेने नाबाद ३५१, अंकित बावणेने नाबाद २५८ आणि दोघांनी मिळून ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजी स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत मोठी भागीदारी महाराष्ट्राच्या दोन मुलांनी केली आणि ती महाराष्ट्र संघाच्या घरच्या मैदानावर झाली नाही. पुण्याजवळ गहुंजेच्या घरच्या मैदानावर झाली असती तर निदान त्यांच्या गल्लीतली पोरे तरी बघायला गेली असती. उलट दिल्लीला नोव्हेंबरमध्ये बंगाल आणि गुजरात खेळायला आले आणि धुरक्यामुळे सामना रद्द झाला. दिल्लीचा संघ त्या धुरक्यात नव्हताच.

पुढच्या हंगामात मंडळाने तो प्रयोग गुंडाळला. खेळपट्टी न्याय्य करण्यासाठी प्रेक्षक काढून घ्यावे लागत असतील तर तो सौदा महाग आहे.

अर्वाइनकर | रविवार, संध्याकाळी ७:३८

उदाहरण सुंदर आहे, परंतु फुटबॉलला लागू होत नाही. टर्फ सगळीकडे सारखाच असतो, तो कोणी रात्रीतून भुसभुशीत करून ठेवत नाही. इथे घरच्या मैदानाचा फायदा गोंगाट, सवय आणि झोप यांतून येतो.

सतरा_नंबरची_आई | रविवार, रात्री ९:१५

आतापर्यंत बँडच्या आणि प्रेक्षकांच्या बाजूने बरेच बोलून झाले, म्हणून खेळणाऱ्या मुलाची आई म्हणून लिहिते. होय, आमचा मुलगा खेळतो. घरात त्यावर जो व्हायचा तो वाद होऊन गेला आहे.

चार तास बसमध्ये बसून उतरलेल्या मुलाचे पाय पहिल्या क्वार्टरमध्ये त्याचे नसतात. शाळा बस दुपारी बारा वाजता काढते, वाटेत एका उपाहारगृहात सत्तर मुलांना पास्ता घालते आणि पावणेपाचला मैदानावर पोचवते. समोरची मुले त्याच दिवशी आपल्या पलंगावर डुलकी काढून येतात. मागच्या वर्षी आमच्या एका लाइनमनच्या पोटरीला वॉर्मअपमध्येच गोळा आला, तेव्हा ट्रेनरने पहिला प्रश्न विचारला तो, 'बसमध्ये पाय लांब केले होतेस का?' सव्वासहा फुटांचा मुलगा शाळेच्या पिवळ्या बसमध्ये पाय कुठे लांब करणार?

त्यामुळे माझ्या दृष्टीने मैदान कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न दुय्यम आहे. दोन्ही संघांच्या प्रवासात दीड तासापेक्षा जास्त फरक पडत असेल तर ज्याला जास्त पडतो त्याला वार आणि वेळ निवडू द्यावी. शनिवारी दुपारी दोनचा सामना आणि शुक्रवारी रात्री सातचा सामना यांत १९० मैलांवरून येणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नवे स्टेडियम बांधायला नको की नियमपुस्तक बदलायला नको.

हिशेबनीस | रविवार, रात्री १०:०४

सतरा नंबरच्या आईंची सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. त्याला पैशाची बाजू जोडतो, कारण अ‍ॅथलेटिक डायरेक्टर भावनेपेक्षा तक्ता लवकर वाचतात.

मी एका बूस्टर क्लबचा खजिनदार होतो. टेक्ससमध्ये तिकिटांच्या उत्पन्नातून मैदानाचे भाडे, पंच, पोलीस असा खर्च आणि यूआयएलचा वाटा वजा जाऊन उरलेली रक्कम दोन शाळा वाटून घेतात. म्हणजे मोठे मैदान निवडण्यात दोघांचाही स्वार्थ असतो आणि कोच लोक 'तटस्थ' म्हणताना पुष्कळदा 'भरणारे' असे म्हणत असतात. मात्र बँडच्या बस, वाद्यांचा ट्रक आणि मुलांचे जेवण हा बोजा ज्याचा त्याच्यावर पडतो. आमच्या एका लांबच्या सामन्याला फुटबॉल संघाला दोन बस पुरल्या, तर बँड, कलर गार्ड आणि ड्रिल टीमला सात लागल्या. मैदान ठरवणाऱ्या फोनवर त्या सात बसची बाजू मांडणारे कोणीही नव्हते.

पत्रात मागणी करा की, मैदान मान्य करण्याआधी पाहुण्यांच्या बाजूची आसनसंख्या आणि बँडसाठी राखीव जागा लेखी घ्यावी. तुमची निम्मी मुले कुंपणाशी उभी राहिली ती नाण्यामुळे नव्हे, हे कोणी विचारलेच नाही म्हणून.

खडूस_खानदेशी | रविवार, रात्री १०:२०

सात बस! आमच्या लग्नाच्या वऱ्हाडाला दोन होत्या आणि त्यातली एक साक्रीला बंद पडली होती.

मावसबहीण | सोमवार, सकाळी ७:५०

आमच्या घरी दोन भावंडांत वडी वाटायची झाली की आई एकाच्या हातात सुरी द्यायची आणि पहिला तुकडा उचलायचा मान दुसऱ्याला द्यायची. मी मिलिमीटरच्या अचूकतेने कापायला शिकले ती त्यामुळे. इथे तसे का करत नाहीत? नाणेफेक जिंकणाऱ्याने दोन मैदाने सुचवायची आणि हरणाऱ्याने त्यातले एक निवडायचे.

आय४५चा_वारकरी | सोमवार, सकाळी ८:१५

कल्पना गोड आहे, पण मी जिंकलो तर दोन्ही मैदाने माझ्या घराजवळची सुचवेन. वडी एकच असते म्हणून ती युक्ती चालते.

मावसबहीण | सोमवार, सकाळी ८:३३

मग उलटे करा. हरणाऱ्याने तीन सुचवायची आणि जिंकणाऱ्याने त्यातून निवडायचे. तिन्ही स्वतःच्या दाराशी सुचवली तर जिंकणारा यादीच फेटाळून घरच्या मैदानाची नाणेफेक मागू शकतो, या भीतीने यादी आपोआप सरळ येईल.

जुना_डॅलसकर | सोमवार, सकाळी ९:४१

हे मला पटले, आणि मी सहसा पटवून घेणाऱ्यातला नाही. परंतु ही यादी सप्टेंबरमध्येच तयार व्हायला हवी. नोव्हेंबरमधल्या शनिवारी सकाळी, रात्रीच्या विजयानंतर तीन तास झोपलेल्या कोचकडून भूमितीची अपेक्षा करू नये. ह्यूस्टन, वेको, पूर्व टेक्सस अशा दिशा धरून आपल्याला चालतील अशी मैदाने, त्यांची पाहुण्यांकडची आसने आणि भाडे, एवढे कागदावर आधीच असावे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही, हेही नम्रपणे नोंदवतो.

सिरोंच्याचा_माजी_गोलकीपर | सोमवार, सकाळी १०:५५

वाचनमात्र होतो, राहवले नाही. शाळेत असताना जिल्हास्तरीय सामन्यांना आम्हाला गडचिरोलीला जावे लागे. दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, एसटी, आणि आदल्या रात्री दुसऱ्या शाळेच्या वर्गात बाकडी जोडून झोप. जिल्ह्याचे ठिकाण म्हणून ते सर्वांसाठी सारखेच धरलेले असे. गडचिरोलीची मुले सकाळी आंघोळ करून सायकलवर येत. आम्ही एकदाच जिंकलो, आणि त्या वर्षी सामना अहेरीला होता.

सुझाफोनची_आई | बुधवार, रात्री १०:४७

काल सभा झाली, म्हणून सविस्तर लिहिते. मसुद्यात मी चार मागण्या घातल्या होत्या: सप्टेंबरपूर्वी दिशावार मैदानांची यादी, मावसबहीण यांची तीन मैदानांची पद्धत, जास्त प्रवास पडणाऱ्याला वार आणि वेळ निवडण्याचा हक्क, आणि पाहुण्यांकडची आसनसंख्या लेखी. वरच्या मानांकनाला यजमानपद देण्याची मागणी मी गाळली, कारण तो निर्णय यूआयएलच्या पातळीवरचा आहे आणि आमच्या पत्राने तो हलणार नाही. सुरुवातीला अर्थातच १९० मैलांची हकिकत होती.

अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनी पत्र शांतपणे वाचले, चष्मा काढला आणि विचारले, 'त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या फेरीत आपण जिंकलेल्या नाणेफेकीनंतर अकरा मैलांवर खेळलो होतो, ते तुम्हाला आठवते का? ते लोक पूर्व टेक्ससमधून दीडशे मैल आले होते. त्या वर्षी मला असे पत्र आले नव्हते.'

जुना डॅलसकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी तीन दिवस टाळत होते ते यासाठीच. मला तो सामना आठवत होता. आम्ही साडेसहाला घरी जेवून निघालो होतो.

घरी येऊन मी त्या रात्रीचे फोटो काढून पाहिले. मुलाचा सुझाफोनसह एक फोटो मला फार आवडतो, तो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. मागे, मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, समोरच्या शाळेचा बँड दिसतो. साठ-सत्तर मुले असतील. त्यांच्यातली बरीचशी कुंपणाशी उभी आहेत.

पत्राच्या सुरुवातीला आता दोन्ही सामने घातले आहेत, दोन्ही अंतरांसह. डायरेक्टरांनी मैदानांची यादी आणि आसनसंख्येची अट मान्य केली. वार आणि वेळेबद्दल कोचशी बोलून सांगतो म्हणाले. तीन मैदानांची पद्धत समोरच्या शाळेने मान्य केली तरच चालेल, म्हणून ती 'सूचना' या सदरात गेली.

जुना_डॅलसकर | बुधवार, रात्री ११:१२

उत्तर मिळाले. यादीत पूर्व टेक्ससच्या दिशेने टायलर आणि लाँगव्ह्यूकडची मैदाने घाला, तिकडचे लोक सहसा इकडे यायचे ठरवूनच फोन उचलतात. आणि यंदा पहिल्या फेरीत पाहुण्यांच्या बाजूला कोणाला जागा कमी पडली तर मला निरोप द्या, माझ्या गॅरेजमध्ये घडीची चाळीस बाकडी पडून आहेत.

सतरा_नंबरची_आई | गुरुवार, सकाळी ६:३०

ताई, वेळेबद्दल कोच काय म्हणतात ते नक्की कळवा. आमच्याकडेही पुढच्या आठवड्यात सभा आहे.